तलावापासून तोटीपर्यंत : उरणच्या पिण्याच्या पाण्याचा इतिहास

लहान शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहिताना बहुधा धरण बांधले गेले, नळ आले आणि टंचाई मिटली किंवा मिटली नाही, एवढ्याच गोष्टींची नोंद होते. आलेले पाणी पिण्याजोगे होते का, ते तसे राहावे म्हणून रोज कोण झटत होते आणि ती जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, हा प्रश्न मागे पडतो. रायगड जिल्ह्यातील उरण हे शहर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे, कारण तलाव, विहीर, धरण आणि दूरच्या खोऱ्यातून आणलेले पाणी या साऱ्या अवस्था येथे एकामागून एक आल्या आणि काही काळ एकत्र नांदल्या. पाण्याचे प्रमाण वाढवण्याचे काम बांधकाम पूर्ण झाले की बऱ्याच अंशी पार पडते, गुणवत्ता राखण्याचे काम मात्र रोज करावे लागते. आणि ते काम नेमके कोणाचे हे जेथे ठरलेले नसते, तेथे त्याची किंमत नागरिकांना आरोग्याने मोजावी लागते, हेच या इतिहासाचे सार आहे.

उरण ज्या भूभागावर वसले आहे तो मूळचा करंजा बेटाचा भाग. मुंबई बंदराच्या आग्नेयेस असलेल्या या बेटाच्या दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला त्याहून ठेंगणी टेकडी, मध्ये सखल जमीन आणि मुख्य भूमीच्या बाजूला खाडी व खाजण, अशी त्याची जुनी रचना होती. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारट, चिखलाची जमीन. बांध घालून ती समुद्रापासून सोडवली की तिच्यात भात पिकवता येतो किंवा मीठ काढता येते. या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण काळ्या बेसाल्ट खडकाच्या उतारांवरून तो वेगाने खाली येतो आणि बराचसा समुद्राला मिळतो. जमिनीत जे मुरते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी खोदलेल्या विहिरीला गोडे पाणी लागते, तर खाजणाकडे सरकावे तसे ते मचूळ, म्हणजे किंचित खारट, होत जाते. किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडे पाणी वजनाने हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उपसा प्रमाणाबाहेर गेला की खालचे खारे पाणी वर सरकते आणि एकदा खारावलेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. म्हणून येथील पाण्याचा मूळ प्रश्न पाऊस कमी असण्याचा कधीच नव्हता, तर पडलेले पाणी अडवण्याचा आणि ते खारवण्यापासून व घाण होण्यापासून जपण्याचा होता.

या परिसरातील वस्ती प्राचीन आहे. उरणजवळच्या चांजे गावी उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे शिलालेख मिळाले असून त्यांतील अपरादित्याचा लेख शके १०६० मधील, तर सोमेश्वराचा शके ११८२ मधील, म्हणजे इ. स. १२६० च्या सुमाराचा आहे. उरण तालुक्यातच असलेल्या घारापुरीच्या लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि द्रोणागिरीच्या किल्ल्यावरही पाणी साठवण्याची सोय केलेली होती. खडकात खोदलेले टाके हा कोकणातील पाणी साठवण्याचा सर्वांत जुना आणि स्वच्छतेच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित मार्ग होय, कारण त्यात आजूबाजूच्या वस्तीचे सांडपाणी झिरपण्याची शक्यता कमी असते. परंतु अशी टाकी मठाला किंवा शिबंदीला पुरत, बाजारपेठेला पुरत नसत. करंजा बेट सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले, १७३० च्या दशकाच्या अखेरीस मराठ्यांनी ते घेतले आणि १७७० च्या दशकात इंग्रजांनी बळकावल्यावर १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते इंग्रजांकडेच राहिले. समोरच्या मुंबईशी व्यवहार वाढला तशी उरणची पेठ वाढली, आणि पेठेची तहान टाक्यांवर भागण्यासारखी नव्हती.

पेठेने आधार घेतला तो तलावांचा आणि विहिरींचा. विमला तलाव आणि भवरा तलाव ही नावे आजही उरणकरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. तलाव ही केवळ पाणी साठवण्याची जागा नसते. त्यातून झिरपणारे पाणी आसपासच्या विहिरींना उन्हाळाभर आधार देते. तलावाच्या काठाशी खोदलेल्या विहिरीचे पाणी प्रत्यक्ष तलावातील पाण्यापेक्षा निवळ असते, हा कोकणातील गावांचा जुना अनुभव आहे आणि त्याला शास्त्रीय आधारही आहे. माती आणि मुरमाच्या थरातून पाणी सावकाश झिरपताना गाळ आणि बरेचसे जंतू मागे राहतात. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये थेम्सचे पाणी ज्या संथ वाळू-गाळण्यांतून शुद्ध केले जाऊ लागले, त्यांचे तत्त्वही हेच होते. मात्र ही नैसर्गिक गाळणी वस्ती विरळ असेपर्यंतच काम देते. शौचकूप, गोठे आणि उकिरडे विहिरीच्या जवळ आले, की ज्या थराने पाणी निवळायचे तोच थर घाण वाहून आणू लागतो.

तलाव राखण्याची एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर गाळ उपसून तो शेतात टाकणे, पिण्याचे पाणी भरण्याची आणि कपडे व गुरे धुण्याची जागा वेगळी ठेवणे, पाणी फडक्यातून गाळून घेणे, हे नियम कोठेही लिहिलेले नसले तरी पाळले जात. त्यांतील काहींचा उपयोग पाळणाऱ्यांना वाटत होता त्याहून मोठा होता. पश्चिम भारतात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या नारू या रोगाचे उदाहरण घेता येईल. नारूचा कृमी पायाच्या जखमेतून बाहेर येतो. रोगी पायऱ्यांवरून पाण्यात उतरला की त्याची पिल्ले पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात वाढतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरतात. दाट विणीच्या फडक्यातून पाणी गाळले की हा जलजीव अडतो आणि रोगाची साखळी तुटते. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदवला गेला. हे यश औषधाने मिळालेले नाही, गाळण्याने आणि पाण्यात उतरण्याच्या पायऱ्या बंद करण्याने मिळालेले आहे. कॉलऱ्याचे सूक्ष्म जंतू मात्र फडक्याने अडत नाहीत, आणि तेथे ही जुनी रीत अपुरी पडली.

एकोणिसाव्या शतकात उरणची ओळख मीठ आणि मद्य या दोन व्यवसायांशी जोडली गेली. खाजणात बांध घालून भरतीचे पाणी उन्हात आटवणारी मिठागरे येथील आगरी समाजाच्या कष्टावर उभी होती, आणि मोहाच्या फुलांपासून दारू गाळणाऱ्या भट्ट्या, ज्यांत पारशी व्यावसायिकांचा मोठा वाटा होता, मुंबईच्या बाजाराला माल पुरवत होत्या. या दोन धंद्यांच्या पाण्याच्या गरजा परस्परविरुद्ध होत्या: मिठागराला खारे पाणी हवे, तर भट्टीला फुले भिजवण्यासाठी, ती आंबवण्यासाठी आणि वाफ थंड करण्यासाठी गोडे पाणी मुबलक हवे. ज्या बेटावर गोड्या पाण्याचा साठा मुळात मर्यादित, तेथे घरगुती वापर आणि व्यवसाय यांची एकाच साठ्यावर भिस्त असण्याची स्थिती नळ येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. विसाव्या शतकातील उद्योगांनी ती केवळ मोठ्या प्रमाणावर पुन्हा निर्माण केली.

खाडीपलीकडच्या मुंबईत याच काळात नळाचे पाणी आले. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात पोहोचले, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा यांची भर पडली. ज्या महानगराच्या सावलीत उरण वाढत होते ते धरणाच्या पाण्यावर जगू लागले, पण उरणसारख्या गावी तलाव आणि विहिरीच राहिल्या. १८५० च्या आणि पुढे १८७३ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यातील लहान शहरांत नगरपालिका स्थापन झाल्या, आणि उरणची नगरपालिकाही त्याच शतकातली आहे. तथापि घरपट्टी, जकात यांसारख्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या अशा संस्थांना दिवाबत्ती, गटारे आणि विहिरींची साफसफाई यांपलीकडे फारसे काही परवडत नसे. तरीही एक मूलभूत बदल घडला. सार्वजनिक पाणवठा राखणे हे रिवाजाचे काम न राहता कराच्या पैशातून करावयाचे काम ठरले, आणि त्याबद्दल कोणाला तरी जाब विचारता येऊ लागला.

पाणी आणि रोग यांचा संबंधही याच काळात सिद्ध झाला. १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी लंडनमधील एका सार्वजनिक पंपाचा आणि कॉलऱ्याचा संबंध दाखवला, आणि १८८४ च्या आरंभी रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचा जंतू कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात आढळला. लोक ज्या तलावाचे पाणी पीत, त्यातच अंघोळ करत आणि रुग्णांचे कपडेही धूत, असा तो तलाव होता. हिंदुस्थानातील अगणित गावांच्या पाणवठ्यांची स्थिती याहून वेगळी नव्हती. पुढे आग्र्याचे रसायनतज्ज्ञ हँकिन यांनी साथीच्या वेळी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला, आणि पाणी जांभळट-लाल करणारे ते औषध पुढील काही दशके साथ रोखण्याचे मुख्य साधन राहिले. हा उपाय साथ आल्यावर करायचा होता. साथ येऊच नये म्हणून रोज निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत अजून यायची होती. ती १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीन सतत मिसळण्यापासून रुजली आणि नंतर जगभर पसरली.

पाण्याच्या शुद्धतेची शास्त्रीय कल्पना रुजत असताना समाजात शुद्धतेची दुसरीच कल्पना ठाण मांडून होती, आणि तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा उरण ज्या कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाले होते त्याच जिल्ह्यातील महाड येथे मिळतो. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, आणि महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी पंचगव्याचे घडे ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. जनावरांना ज्या तळ्याची बंदी नव्हती ते माणसाच्या ओंजळीने बाटते, असे मानणाऱ्यांनी तळ्यात खऱ्या अर्थाने घाणीची भर घातली. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. पाण्याच्या गुणवत्तेच्या इतिहासात या घटनेचे स्थान मोठे आहे, कारण पाणी सर्वांचे आहे हे मान्य झाल्याशिवाय ते सर्वांसाठी स्वच्छ राखण्याची सार्वजनिक जबाबदारी उभीच राहू शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर उरणचे रूप अर्ध्या शतकात पालटले. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडल्यावर तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प उरणला आला, वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले, आणि मे १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. या विकासासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दिलेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. जमिनीबरोबर पाण्याचे जुने नातेही बदलले. शेत, बांध, विहीर आणि तलाव ही एकमेकांवर अवलंबून असलेली व्यवस्था मोडली, आणि उद्योग व नागरिक दोघेही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, रानसई धरणावर अवलंबून राहू लागले.

रानसईचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या उतारांवरचे पाणी धरणात जमा होते तो प्रदेश, कर्नाळ्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात आहे. धरणाची मूळ साठवण सुमारे १० दशलक्ष घनमीटर होती आणि गाळ साचल्याने ती बरीच घटली आहे. डोंगरउतारावरची झाडे कमी होतात तेव्हा पावसाबरोबर माती वाहून येते. त्या मातीने एकीकडे साठा घटतो आणि दुसरीकडे पाणी गढूळ होऊन शुद्धीकरणाचे काम अवघड होते, म्हणजे प्रमाण आणि गुणवत्ता यांची हानी एकाच कारणाने होते. साठा उन्हाळ्यात खालावला की आठवड्यातील काही दिवस पाणी बंद ठेवावे लागते आणि पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी उसने घ्यावे लागते. पूर्व भागातील काही गावे पुनाडे धरणावर आहेत, तर बंदर व पनवेलच्या बाजूला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची न्हावा-शेवा योजना पाताळगंगेचे पाणी आणते. पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असते ते मुख्यतः टाटांच्या खोपोली वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांत अडवलेले, एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते असे पाणी पश्चिमेकडे वळवले जात आहे. ज्या बेटाने एके काळी स्वतःच्या तलावांवर दिवस काढले, त्याच्या परिसराची तहान आता सह्याद्रीपलीकडच्या पावसावरही भागते. याच वेळी रानसई धरणाशेजारच्या आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते, ही या व्यवस्थेतील सर्वांत बोचरी विसंगती आहे.

धरणातील पाणी तोटीत येण्यापूर्वी त्याच्यावर होणारी प्रक्रिया समजून घेतल्यास दोष कोठे शिरतो हे कळते. पाण्यात प्रथम तुरटी मिसळतात. तिच्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. निवळलेले पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन सोडतात. क्लोरीनचा काही भाग जंतू मारण्यात खर्च होतो आणि उरलेला पाण्यात राहतो. या उरलेल्या भागाला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार तो निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा लागतो, आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये. ई. कोलायची तपासणी होऊन निष्कर्ष हाती येण्यास सुमारे एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तोवर ते पाणी लोकांच्या पोटात गेलेले असते. म्हणून रोजची खात्री अवशिष्ट क्लोरीनवरूनच करावी लागते. ती करणारी ओटी चाचणी साधी आहे. छोट्या नळीत तोटीचे पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते, आणि पिवळेपणाची छटा तक्त्याशी ताडून प्रमाण ठरवता येते. पाणी रंगहीन राहिले, तर त्याचा अर्थ एवढाच की वाटेत क्लोरीन संपला, आणि त्याच्या संपण्याला काही कारण असले पाहिजे.

हे कारण बहुधा शुद्धीकरण केंद्रात नसते, वाटेत असते. ठरावीक वेळी पाणी सोडण्याची आणि एरवी बंद ठेवण्याची पद्धत लहान शहरांत सर्वत्र रूढ आहे. व्हॉल्व्ह बंद झाला की जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि उंचावरून सखल भागाकडे ओसरणारे पाणी मागे पोकळी ठेवते. अशा वेळी वाहिनी गटारातून किंवा साचलेल्या पाण्यातून जात असेल, तर तिच्या फटींतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पुन्हा पाणी सुटले की पहिली धार हीच घाण घेऊन येते. थेट नळाला पंप लावून पाणी खेचण्याची सवय या धोक्यात भर घालते. त्यापुढे इमारतीची टाकी येते. ती वर्षानुवर्षे धुतली गेली नाही, तर उत्तम पाणीही तिथे खराब होते. खाडीकाठच्या खारट जमिनीत लोखंडी वाहिन्या लवकर गंजतात, त्यामुळे उरणसारख्या गावी जुन्या वाहिन्या वेळेवर बदलण्याचे महत्त्व घाटावरच्या शहरापेक्षा अधिक आहे.

या साखळीत मालकीही विभागलेली आहे. धरण आणि शुद्धीकरण एका संस्थेकडे, शहरातील वितरण नगरपरिषदेकडे, गावांतील वितरण ग्रामपंचायतींकडे आणि शेवटची टाकी घरमालकाकडे आहे. तलावाच्या काळात पाणी पिणारा आणि पाणवठा राखणारा एकाच गल्लीत राहत होता, त्यामुळे रीत अपुरी असली तरी हलगर्जी लगेच दिसत असे. आज प्रत्येक टप्पा आपल्या परीने योग्य असूनही दोन टप्प्यांच्या सांध्यावर पाणी बिघडू शकते, आणि सांधा कोणाचा हे ठरलेले नसल्याने तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहते. महाराष्ट्राने ग्रामीण भागासाठी यावर एक मार्ग शोधला आहे. गावात जलसुरक्षक नेमून त्याच्याकडे टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनयुक्त चूर्ण, टाकण्याची व ओटी चाचणीची जबाबदारी दिली जाते, आणि पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीला धोक्याच्या पातळीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. या पद्धतीचे बळ यंत्रात नाही. एका माणसाकडे एक काम सोपवलेले आहे आणि त्याचा निकाल गावाला रंगाने कळतो, यात आहे.

२०११ च्या जनगणनेत सुमारे तीस हजार लोकसंख्या असलेले उरण शहर १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उपनगरी रेल्वे दोन्ही सुरू झाल्याने मुंबईच्या अधिक जवळ आले आहे, आणि नव्या वस्तीबरोबर अधिक पाण्याची मागणी अपरिहार्य आहे. धरणाची उंची, नवी वाहिनी आणि वाढीव कोटा यांवर चर्चा होत राहील आणि ती आवश्यकही आहे. पण उरणच्या इतिहासातून निघणारा धडा असा की प्रमाण वाढवणाऱ्या प्रत्येक निर्णयाबरोबर गुणवत्ता राखणारा निर्णयही त्याच दिवशी घेतला गेला पाहिजे. धरणाच्या उतारांवरील जंगल आणि तेथील आदिवासी वाड्यांचे पाणी यांना योजनेत पहिले स्थान मिळावे, शुद्धीकरण केंद्र, जलकुंभ आणि गावातील अखेरच्या तोटीपाशी रोज घेतलेले क्लोरीनचे मोजमाप नागरिकांना वाचता येईल अशा ठिकाणी लावले जावे, आणि दोन संस्थांच्या सांध्यावरील जबाबदारी लेखी करारात नावानिशी नमूद असावी, एवढ्या तीन गोष्टींना कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. पाणी हा सर्वांचा हक्क आहे हे या जिल्ह्याने देशाला संघर्षातून दाखवून दिले. त्या हक्काला अर्थ यायचा असेल, तर तोटीतून येणारे पाणी निर्धास्तपणे पिता येणे हाही त्याच हक्काचा भाग मानला गेला पाहिजे.